फोटोत नसलेलं मूल

त्या वर्षी आमच्या सेवाभावी क्लबच्या वहीत सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका अंगणवाडीपुढे तीन नोंदी आहेत. जुलैत खाऊवाटप, सप्टेंबरात पोषण महिन्याचं फळवाटप, नोव्हेंबरात बालदिनाचं दूध-बिस्किट. मी खजिनदार होते, त्यामुळे तिन्हींची बिलं माझ्या फायलीत आहेत, आणि फोटोही. पुढे ओळीनं बसलेली मुलं, मागे आम्ही, त्यामागे बॅनर.

ज्या मुलीबद्दल हे लिहिते आहे ती यातल्या एकाही फोटोत नाही. ती त्या वेळी अंगणवाडीपासून चार घरं पलीकडे, आईच्या सुपाशेजारी गोधडीवर बसलेली होती. वय २० महिने, वजन ७ किलो १०० ग्रॅम. या वयाच्या मुलीचं वजन साडेदहा किलोच्या आसपास असायला हवं.

मुलीचं, आईचं, अंगणवाडीच्या ताईंचं, डॉक्टरांचं नाव इथे देत नाही, क्लबचंही नाही. आमच्यासारखं काम करणाऱ्या मंडळींच्या उपयोगी पडावं म्हणून जे घडलं ते क्रमानं सांगते. त्यात आमचं चुकलेलंही आलं.

घर

पूर्व भागात फिरलं की मराठीइतकीच तेलुगू कानावर पडते. तेलंगणातून पिढ्यांपूर्वी आलेल्या विणकरांची ही वस्ती. गिरण्या बंद पडल्या, मागे यंत्रमाग आणि टॉवेलचे कारखाने राहिले. पुरुष मागावर आणि बाई विडीवर, असा अनेक घरांचा हिशोब आहे. या घराचाही तोच होता. वडील पाळीप्रमाणे यंत्रमागावर, आई विड्या वळणारी, तीन मुलं. मोठी दोघं शाळेत, ही धाकटी.

आईचा दिवस नीट समजून घेतल्याशिवाय या मुलीची भूक समजत नाही, म्हणून तो सांगते. पहाटे उठून स्वयंपाक, मोठ्यांची शाळा. मग आदल्या दिवशीच्या विड्या घेऊन कारखान्यात. तिथे रांग, मोजणी, छाट निघाली तर तेवढ्या विड्या हिशोबातून बाद. तिथून पान आणि तंबाखू घेऊन घरी. पान भिजवायचं, मापानं कापायचं, मग सूप मांडीवर घेऊन बसायचं ते रात्रीपर्यंत. मजुरी हजार विड्यांवर ठरते. हात थांबला की पैसे थांबतात. शेजारी बसलेलं लेकरू रडलं तर हात न थांबवता जे देता येईल ते दिलं जातं: चहात बुडवलेली खारी, बिस्किटाचा पुडा, पाच रुपयांची कुरकुरीत पुडी. ही आई निष्काळजी नव्हती. दिवसभर लेकरू तिच्या नजरेसमोर होतं. तिला उठायला फुरसत नव्हती, एवढंच.

१९६६ च्या विडी कामगार कायद्यात पाळणाघराची तरतूद होती, पण ती कारखान्याच्या जागेपुरती. घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईचं पाळणाघर म्हणजे तिच्या डाव्या गुडघ्याशेजारची गोधडी. तंबाखूची धूळही तिथेच उडते.

आमची समजूत

क्लबच्या बैठकीत कुपोषणाचा विषय निघाला तेव्हा एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले होते, "ते मेळघाटात, नंदुरबारात. सोलापुरात कुणी उपाशी झोपत नाही." आम्हाला सगळ्यांनाच ते पटलं होतं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी २५.६ टक्के मुलं उंचीच्या मानानं हडकुळी आहेत, आणि ३५.२ टक्के वयाच्या मानानं खुजी. दर चार मुलांमागे एक हडकुळं. एवढी मुलं फक्त दोन जिल्ह्यांच्या जंगलात कशी असतील, हा प्रश्न माझ्यासारख्या आकड्यांत वावरणाऱ्या बाईलाही तेव्हा पडला नाही, याचं मला आज वाईट वाटतं.

दुसरी समजूत जास्त खोल होती. सेवाभावी क्लबांची घडण अशी आहे की आपण एक दिवस चांगला साजरा करतो. रोटरी १९०५ ची, किवानिस १९१५ ची, लायन्स १९१७ ची. तिघीही अमेरिकेत व्यापारी, व्यावसायिक माणसांच्या भेटींतून उभ्या राहिल्या. यातल्या किवानिसनं पाच वर्षांखालच्या मुलांना पहिलं प्राधान्य देणारा कार्यक्रमच आखला, लायन्सनं भूक हा आपल्या जागतिक कामांतला एक विषय ठरवला. आपल्याकडच्या क्लबांना मात्र सर्वांत मोठं यश आठवतं ते पोलिओचं. बूथवरचे रविवार, दोन थेंब, बोटावरची शाई. ते यश खरंच मोठं आहे. पण तिथे एका दिवसात एका मुलाला द्यायचं ते देऊन होतं. जेवण असं देऊन होत नाही. ते उद्या परत द्यावं लागतं, आणि उद्याही तीनदा-चारदा. आम्ही दोन थेंबांची सवय घेऊन भुकेच्या कामाला गेलो होतो.

ताईंचं बोलणं

बालदिनाचं वाटप झालं, फोटो झाले, आम्ही निघालो. अंगणवाडीच्या ताई दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, तुमी ज्यांना वाटताय ती पोरं चालत येत्यात. चालत न येणारी बघायला येताव का एकदा?"

त्यांचं म्हणणं नंतर त्यांनी सविस्तर समजावलं. एकात्मिक बाल विकास सेवा २ ऑक्टोबर १९७५ पासून देशात आहे. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला पूरक आहार म्हणून रोज ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं, तीव्र कुपोषित असेल तर ८०० कॅलरी, असं प्रमाण तेव्हा ठरलेलं होतं. तीन वर्षांवरच्या मुलाला अंगणवाडीत बसवून गरम आहार मिळतो. तीन वर्षांखालच्याला घरपोच आहाराची पाकिटं. पाकीट घरात गेलं की ते घराचं होतं. शाळेतून आलेली भावंडं खातात, पाहुणा आला तर त्यालाही मिळतं. शिवाय हा आहार वर्षातले ३०० दिवस. उरलेले ६५ दिवस मुलाचं पोट सुटीवर जात नाही.

आणि सर्वांत नाजूक काळ सहा महिने ते दोन वर्षं. आईच्या दुधावर भागत नाही, घरचं जेवण अजून जमत नाही, पोट एवढंसं की एका वेळी छोटी वाटीच मावते. म्हणून दिवसातून तीन-चारदा जेवण आणि मध्ये एक-दोनदा खाणं लागतं, तेही कुणीतरी समोर बसून भरवलेलं. आमचे तिन्ही कार्यक्रम तीन ते सहा वयाच्या मुलांसाठी झाले होते, म्हणजे ज्यांना सरकारचा गरम आहार तसाही मिळत होता त्यांच्यासाठी.

गुरुवारी मी आणि क्लबच्या दोघी ताईंबरोबर गल्लीत गेलो. या घरात आल्यावर ताईंनी पिशवीतून रंगीत पट्टी काढली. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली म्हणजे लाल, साडेअकरा ते साडेबारा पिवळा, त्यावर हिरवा. मुलीचा घेर ११.२ भरला. मग ताईंनी तिच्या दोन्ही पावलांवर अंगठा दाबून धरला आणि खड्डा राहतो का ते पाहिलं. सूज नव्हती. मुलगी रडली नाही. एवढा वेळ तिच्याशी चाललं होतं, ती नुसती बघत होती. ते शांत बसणं मला समजूतदारपणाचं वाटलं होतं. बाहेर आल्यावर ताई म्हणाल्या, "मॅडम, अंगात जीव असलेलं पोर मोजू देत नाय."

आईला विचारलं, खाते का? "खाती की, मॅडम. सकाळी चहा-खारी खाल्ली, आत्ता बिस्कीट खाल्ली. वरणाचं पाणी पण देतो की." पोट भरत होतं, हे खरंच होतं. मैदा, साखर आणि पाणी यांनी ते भरत होतं, आणि भरलेल्या पोटाला जेवण नको होत होतं. वरणाचं पाणी तर आपल्या सगळ्यांच्याच घरातली रूढी. डाळ तळाशी राहते आणि मुलाच्या वाटीत पिवळं पाणी येतं. चमचा तिरका केला तरी ओघळणार नाही इतकं दाट मुलाला भरवावं, हे मला दोन मुलं वाढवूनही कुणी सांगितलं नव्हतं.

डबे

ती बातमी क्लबच्या ग्रुपवर टाकली आणि तासाभरात एका सदस्यानं प्रोटीन पावडरचे सहा डबे घेऊन ठेवले. मनापासून घेतले होते. दुसऱ्या दिवशी मुलीला सरकारी रुग्णालयात बालरोग विभागात नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टर बाईंनी डब्यांकडे बघून आधी तेच थांबवलं. इतक्या खंगलेल्या शरीराला सुरुवातीला भरपूर प्रथिनं आणि कॅलरी झेपत नाहीत. रक्तातले क्षार बिघडतात, हृदयावर ताण येतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून रुग्णालयात आधी १०० मिलिलिटरला ७५ कॅलरीचं सौम्य दूध, थोडं थोडं, दोन-तीन तासांनी. शरीर सावरलं की १०० कॅलरीचं. डबे दुकानात परत गेले. मायेनं दिलेली वस्तूही आधी डॉक्टरांना दाखवायची, हा नियम त्या दिवसापासून आमच्याकडे आहे.

भूक चाचणीत मुलीनं दोन घासांनंतर तोंड फिरवलं. जुलाबही होते. भूक असती आणि दुसरा त्रास नसता तर घरी राहून उपचार झाले असते. आता दाखल करणं भाग होतं, साधारण १४ दिवस.

आई माझा हात धरून म्हणाली, "चौदा दिवस? मोठ्या दोघांचं कसं करू, अक्का? माझं पान बंद झालं तर?" तोवर मी मॅडम होते. त्या दिवशी अक्का झाले.

बुडालेली मजुरी क्लब देईल, असं आम्ही लगेच सांगितलं. प्रश्न सुटला असं आम्हाला वाटलं. तो अर्धाच सुटला होता. मोठ्या मुलांना शेजारणीनं सांभाळलं, पण इतके दिवस माल गेला नाही तर पुन्हा पान मिळेल का, ही धास्ती पैशांनी जाणारी नव्हती. नवव्या दिवशी ती मुलीला घेऊन घरी आली. डॉक्टर नाराज होत्या, तरी त्यांनी दर आठवड्याची तारीख लिहून दिली. मी आधी कारखान्यात जाऊन कुणाशी तरी बोलायला हवं होतं. ते मला नंतर सुचलं.

चारचं खाणं

घरी आल्यावर खरं काम सुरू झालं. आई सुपावरून उठू शकत नाही, हे मान्य करूनच पुढचं ठरवलं. गल्लीत एक आजी होत्या. चाळीस वर्षं विड्या वळून आता बोटं वळत नव्हती. त्यांच्या ओट्यावर सकाळी ११ ला आणि दुपारी ४ ला लहान मुलांना भरवायचं, असं ठरलं. आजींना दरमहा मानधन क्लबकडून. सामानही क्लबचं. मुलं सात महिने ते तीन वर्षांची, ताईंनी पट्टी लावून निवडलेली. लाल-पिवळी आधी.

खाऊ काय द्यायचा यावर आमच्यात पुष्कळ चर्चा झाली. तयार पाकिटांचे प्रस्ताव आले. आजींनी ते दोन वाक्यांत निकालात काढले: पाकीट संपलं की काय? आणि शेंगा काय कमी हायत का सोलापुरात? ज्वारी आणि शेंगदाणा या मातीतलेच. २५ ग्रॅम भाजक्या ज्वारीचं पीठ, २० ग्रॅम शेंगदाण्याचं बारीक कूट, १० ग्रॅम गूळ, एक छोटा चमचा तेल, पाण्यात शिजवून दाट. एका वाटीत सुमारे २८० कॅलरी आणि सात-आठ ग्रॅम प्रथिनं. अख्खा शेंगदाणा कधीच नाही, तो लहान मुलाच्या श्वासनलिकेत अडकतो. सकाळी मुगाच्या डाळीची दाट खिचडी, वरून तेल, आठवड्यातून तीनदा अंडं.

दोन गोष्टी मला वाटल्या होत्या त्याहून फार महत्त्वाच्या निघाल्या. एक, प्रत्येक मुलाची वाटी वेगळी, त्यावर खूण. एका ताटात चौघं जेवली की कुणी किती खाल्लं ते कळत नाही, आणि जे अशक्त असतं तेच मागे राहतं. दुसरी म्हणजे आजींचं भरवणं. त्या तेलुगूत काहीबाही गात, कावळ्याचा घास काढून ठेवत, पोरानं तोंड फिरवलं की थांबत, पुन्हा देत. एकेका मुलाला वीस-वीस मिनिटं. क्लबच्या अहवालात हे कोणत्या रकान्यात लिहायचं ते मला अजूनही कळलेलं नाही. पण जे दिलं त्यातलं सर्वांत मोलाचं तेच होतं.

मुलगी पहिले चार दिवस रडायची. पाचव्या दिवशी तिनं आजींच्या हातातला चमचा ओढून घेतला. ताईंनी मला फोन करून सांगितलं, आणि मी ऑफिसातून बाहेर येऊन गॅलरीत उभी राहिले थोडा वेळ.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास वजन साडेसात. मार्चमध्ये ८ किलो १००.

पाण्याचा दिवस

एप्रिलमध्ये ते पुन्हा ७ किलो ६०० वर आलं. वाटी चालू होती, आजी चालू होत्या, मग काय झालं? जुलाब. सोलापुरात तेव्हा नळाला पाणी रोज येत नसे, चार-चार, पाच-पाच दिवसांनी येई. घराघरात पाणी पिंपात साठतं, उन्हाळ्यात तिसऱ्या-चौथ्या दिवशी तळ दिसायला लागतो आणि प्रत्येकाचा हात तांब्यासकट आत जातो. आम्ही पाच महिने खाण्याचाच विचार केला होता. पोटात गेलेलं टिकायलाही हवं, हे त्या आठवड्यानं शिकवलं.

जुलाबावर क्षारसंजीवनी (ओआरएस) आणि १४ दिवस झिंकची गोळी, आणि खाणं बंद करायचं नाही. हे सगळं आशाताईंकडे मिळतं, पण गोळी जुलाब थांबले की तिसऱ्या दिवशीच बंद होते. आजींनी दोऱ्याला १४ गाठी मारून दिल्या, रोज एक सोडायची. त्यापुढे क्लबनं त्या गल्लीत झाकणाची, तोटी असलेली पिंपं दिली आणि लांब दांड्याच्या पळ्या. पिंपांच्या वाटपाला बॅनर नव्हता. तो लावायचा राहिला, आणि नंतर कुणी विचारलंही नाही.

१ जुलै

आमच्यासारख्या क्लबांचं वर्ष १ जुलैला बदलतं. नवे अध्यक्ष, नवं घोषवाक्य, नवा प्रकल्प. येणाऱ्या अध्यक्षांना वृक्षारोपण करायचं होतं आणि त्यांचा उत्साह खरा होता. पण मुलीचं वर्ष १ जुलैला संपत नव्हतं. दंडाचा घेर तेव्हा १२.६, म्हणजे जेमतेम हिरव्यात, वजन ८ किलो ७००.

जूनच्या बैठकीत मी खजिनदार म्हणून एकच कागद मांडला. डावीकडे तीन वाटपांचा खर्च, मंडप, बॅनर, स्मृतिचिन्हं आणि अल्पोपाहारासकट. उजवीकडे ओट्याचा तोवरचा सगळा खर्च, आजींच्या मानधनासकट. उजवी बाजू कमी होती. मग ठराव झाला: तीन वर्षांचे पैसे वेगळ्या खात्यात, कुणीही अध्यक्ष असो. पोलिओचं काम रोटरीनं १९८५ ला हाती घेतलं आणि भारत पोलिओमुक्त जाहीर झाला २७ मार्च २०१४ ला, हे सांगितल्यावर तीन वर्षं कुणाला जास्त वाटली नाहीत. वृक्षारोपणही झालं.

फोटोंबद्दल ठराव करावा लागला नाही. ओट्यावर खाणाऱ्या मुलाचा चेहरा दिसेल असा फोटो काढायचा नाही, हे आईनं एकदा सांगितलं होतं. "उद्या ती मोठी हुईल, अक्का. लोक म्हणतील हीच का ती." आम्ही कोणत्याही मुलाचा काढत नाही.

मुलगी आता तीन वर्षांची होऊन चालत अंगणवाडीत जाते. वयाच्या मानानं बुटकी आहे. पहिल्या दोन वर्षांत गेलेली उंची बरीचशी परत येत नाही, असं डॉक्टर बाई म्हणाल्या, आणि मी आईला ते अजून सांगितलेलं नाही.

ओट्यावर सध्या दोन मुलं पिवळ्यात आहेत. त्यातल्या एकाचं कुटुंब मागच्या आठवड्यात शहराबाहेर कुंभारीकडच्या नव्या घरात राहायला गेलं. ताईंनी इथून नाव कमी केलं. तिथल्या अंगणवाडीत ते लागलं का, हे फोनवर कळेना. या गुरुवारी मी आणि ताई जाणार आहोत. पट्टी ताईंकडे असते. त्या मुलाची वाटी आजींनी घासून माझ्याकडे दिली आहे.